प्लाकोतो: सोंगटी मारायची नाही, दाबून ठेवायची

बॅकगॅमनचा (फासे टाकून सोंगट्या चालवायच्या दोघांच्या खेळाचा) पट घरात आला की बहुतेक जण त्यावर एकच खेळ शिकतात आणि पट निम्म्याहून अधिक न वापरताच कपाटात जातो. ग्रीसमध्ये त्याच पटावर, त्याच तीस सोंगट्या आणि दोन फाशांत, एकामागोमाग एक तीन खेळ होतात: पोर्तेस, प्लाकोतो आणि फेवगा. तिन्हींना मिळून तावली म्हणतात, आणि सामना बहुधा पाच किंवा सात गुणांचा असतो. पोर्तेस म्हणजे जवळपास आपल्याला माहीत असलेलं बॅकगॅमन, फक्त पैज दुप्पट करणारा फासा नाही. फेवगात दोघंही एकाच दिशेने फिरतात आणि एकटी सोंगटीसुद्धा घर अडवते. प्लाकोतो मधला, आणि तिघांत सर्वात मुरलेला. बल्गेरियात याचाच भाऊ ‘तापा’ या नावाने आणि अरब देशांत ‘महबूसा’ या नावाने खेळला जातो, त्यामुळे आखातात राहिलेल्यांच्या कानावरून हे नाव गेलेलं असू शकतं.

मत आधीच सांगून टाकतो: दोघांसाठी, तास-दीड तासाच्या बैठकीचा, पैसा न लावता रंगणारा खेळ म्हणून प्लाकोतोला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो ‘आई’च्या नियमापायी होणाऱ्या भांडणांसाठी. तो नियम पुढे येतोच. पट विकत घेताना मात्र जास्त चोखंदळ व्हायला हवं. साध्या बॅकगॅमनला चालणारे निम्मे पट प्लाकोतोला चालत नाहीत.

मांडणी सर्वात सोपी. पटावर २४ घरं. प्रत्येक जण आपल्या सगळ्या पंधरा सोंगट्या आपल्या २४ व्या घरात रचतो, म्हणजे सर्वात दूरच्या कोपऱ्यात. तिथून त्या १ नंबरच्या घराकडे चालत यायच्या. दोघं समोरासमोरच्या दिशांनी चालतात, त्यामुळे माझं २४ वं घर हे समोरच्याचं १ लं आणि माझं १ लं हे त्याचं २४ वं. शेवटची सहा घरं, १ ते ६, हा आपला मुक्काम. पंधराच्या पंधरा मुक्कामात पोहोचल्या की त्या एकेक करून पटाबाहेर काढायच्या; ज्याच्या आधी संपतील तो जिंकला. समोरच्याने तोवर एकही सोंगटी बाहेर काढली नसेल तर दोन गुण, नाहीतर एक. तिप्पट असा प्रकार नाही.

फाशांचे नियम ओळखीचे. पहिल्या डावाला दोघं एकेक फासा टाकतात, मोठा आकडा पडेल तो सुरू करतो. पुढच्या डावांत आधीचा डाव जिंकणारा सुरुवात करतो. दोन्ही आकडे सारखे पडले तर तो आकडा चार वेळा चालायचा. दोन्ही आकडे चालता येत असतील तर दोन्ही चालायचेच. दोनपैकी कोणताही एकच चालता येत असेल तर मोठा. समोरच्याच्या दोन किंवा जास्त सोंगट्या असलेल्या घरात उतरता येत नाही.

इथवर नवं काही नाही. फरक पडतो तो एकट्या सोंगटीपाशी. सारीपाटात किंवा बॅकगॅमनमध्ये एकटी सापडलेली सोंगटी मारली जाते आणि पुन्हा पहिल्यापासून चालू लागते. प्लाकोतोत ती मरत नाही. तुम्ही आपली सोंगटी तिच्या डोक्यावर ठेवता आणि ती जागच्या जागी दबते. तुमची वरची सोंगटी उठेपर्यंत तिला हलता येत नाही. शिवाय ते घर आता पूर्णपणे तुमचं: वर तुमची एकच सोंगटी असली तरी समोरचा तिथे उतरू शकत नाही, त्यामुळे ती दाबणारी सोंगटी कधीच धोक्यात नसते. तिच्यावर आपली आणखी भर घालता येते. ज्या क्षणी तुमची शेवटची सोंगटी तिथून उठते, त्या क्षणी खालची मोकळी.

या एका बदलाने खेळाचा सगळा तोल बदलतो. बॅकगॅमनमध्ये मारलेली सोंगटी दोन दानांत पुन्हा पटावर येऊन उलट मारू शकते, डाव सारखा इकडून तिकडे झुलत राहतो. इथे दबलेली सोंगटी वीस-वीस दानं तशीच पडून राहते आणि मालकाला तेवढा वेळ उरलेल्या सोंगट्यांनी चाली करत बसावं लागतं. चाल करणं सक्तीचं असल्यामुळे तो स्वतःच आपली रचना मोडत जातो. दबलेली सोंगटी मुक्कामाबाहेर असेल तर त्याला बाकीच्या चौदा बाहेरही काढता येत नाहीत. त्या मुक्कामातल्या खालच्या घरांत ढीग करून बसतात.

आकडेमोड पाहिली की खेळाची चाल लक्षात येते. नेहमीच्या बॅकगॅमनमध्ये सुरुवातीला प्रत्येकाला एकूण १६७ घरं चालायची असतात. प्लाकोतोत पंधरा सोंगट्या गुणिले २४, म्हणजे ३६०. एका दानात सरासरी ८ पेक्षा थोडी जास्त घरं चालली जातात (दोन सारखे आकडे धरून ४९ भागिले ६), म्हणजे काहीही वाया न जाता प्रत्येकाला ४४ च्या आसपास दानं लागणार, बॅकगॅमनला वीस-एकवीस. एखाद्या खराब दानाने डाव जात नाही. नशिबाचा वाटा आहेच, पण तो इतक्या दानांवर पसरलेला असतो की हिशोबी खेळाडू लांबच्या सामन्यात वर येतो.

कुठली सोंगटी दाबावी हा पहिला प्रश्न, आणि नवखे इथेच चुकतात. बॅकगॅमनच्या सवयीने दिसेल ती एकटी सोंगटी दाबायचा मोह होतो. पण समजा ती माझ्या २० व्या घरात आहे. म्हणजे ती त्याच्या मुक्कामात पोहोचलेलीच आहे, तिला फक्त पाच घरं उरली आहेत. दाबून मी आपलीच एक सोंगटी मागे अडकवून ठेवली. उलट ती माझ्या २ ऱ्या घरात असेल तर तिने नुकतंच कोपऱ्यातून पाऊल टाकलं आहे आणि अजून २३ घरांचा प्रवास बाकी आहे. माझ्या मुक्कामात दाबलेली सोंगटी म्हणजे अर्धा डाव. त्यातही जितकं खालचं घर तितकं चांगलं.

का, ते शेवटच्या टप्प्यात कळतं. सोंगट्या बाहेर काढताना मोठा आकडा पडला आणि त्या घरात किंवा त्याच्या वर काहीच नसेल तर सर्वात वरच्या घरातली सोंगटी उचलावीच लागते. पाचव्या घरात दाबून ठेवलेली सोंगटी म्हणूनच लवकर सुटते: सहावं घर रिकामं झालं की प्रत्येक पाच आणि सहा तुमची दाब उठवायला येतो. दुसऱ्या घरातली दाब शेवटपर्यंत टिकते. तिसऱ्या घरात दाब असेल तर ४, ५ आणि ६ या घरांत सोंगट्या राखून ठेवा, म्हणजे तीन पडला की सहावरून तीनवर, पाचवरून दोनवर असा तो आतल्या आत चालता येतो. दाबलेल्या घरात एकाऐवजी दोन सोंगट्या ठेवणं हाही विमाच.

दाब कधी उठवायची याचा अंदाज असा. समजा समोरच्याची एक सोंगटी तुमच्या ३ ऱ्या घरात दबली आहे आणि बाकी चौदा त्याच्या मुक्कामात आहेत. सुटल्यावर तिला मुक्कामात यायला १६ घरं, म्हणजे सरासरी दोन दानं. मग पंधरा सोंगट्या काढायला, जोड्या न पडल्यास आठ दानं. एकूण दहा. तेव्हा तुमच्या सहा सोंगट्या उरल्या असल्या तरी डाव तुमचाच आहे. प्रश्न उरतो दोन गुणांचा. तुमच्या सहा उरल्या असतील तर तुम्हाला तीन दानं लागतील, तेवढ्यात तो बहुधा घरी पोहोचून एखादी सोंगटी बाहेर काढतो आणि दुसरा गुण निसटतो. चारच उरल्या असतील तर त्याला दोन दानांत हे सगळं जमवावं लागतं, जे क्वचितच जमतं. चारपर्यंत धीर धरता आला तर धरावा.

सुरुवातीचा खेळ वाटतो तितका धोक्याचा नाही. पहिल्या दानाला सोंगट्या एकेकट्या पुढे टाकायला घाबरणारे खूप. पण समोरच्याचा सगळा ढीग तेव्हा माझ्या १ ल्या घरात असतो. मी २४ वरून पाच चाललो तर माझी सोंगटी १९ व्या घरात, त्याच्यापासून १८ घरांवर. ती दाबायला त्याला सहा-सहाच हवेत, छत्तीसपैकी एकदा. तीन चाललो तर २० घरांचं अंतर, तिथे फक्त पाच-पाच चालतात. एक, दोन, चार किंवा सहा चाललो तर ती अंतरं कुठल्याही दानाने गाठताच येत नाहीत. तेव्हा पहिल्या काही दानांत मोकळेपणाने पसरा, कोपऱ्याजवळ दोन-दोनची घरं बांधायला सुरुवात करा.

धोका नंतर येतो, त्याच्या पुढे धावलेल्या सोंगट्या जवळ आल्या की. मग हे आकडे पाठ असावेत: मधली घरं मोकळी असताना सहा घरांवरची एकटी सोंगटी छत्तीसपैकी १७ दानांत सापडते, पाच किंवा चार घरांवरची १५, तीनवरची १४, दोनवरची १२, एकावरची ११. सात घरांवर गेलात की एकदम ६. सहा आणि सात यांतला हा फरक इतका मोठा आहे की चाल ठरवताना एखादं घर मागे-पुढे सरकणं सार्थकी लागतं.

एक-दोन सोंगट्या लवकर पुढे पाठवणं हा चांगल्या खेळाडूंचा ठरलेला डाव आहे. त्या माझ्या ७ ते १२ या घरांत बसल्या की त्याच्या कोपऱ्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक एकट्या सोंगटीवर त्यांची नजर राहते. त्यांपैकी एखादी दबलीच तर? ती जवळपास पोहोचलेली असते, चालीचं नुकसान थोडं. शिवाय तिला दाबून ठेवायला त्याची एक सोंगटी मागेच अडकते. फक्त एक लक्षात ठेवा, ती सुटेपर्यंत तुमचं बाहेर काढणं सुरू होत नाही.

नाकाबंदीलाही इथे वेगळं वजन आहे. सलग सहा घरं आपली झाली की समोरच्याला ती ओलांडता येत नाहीत, हे बॅकगॅमनसारखंच. पण बॅकगॅमनमध्ये त्यासाठी बारा सोंगट्या लागतात. इथे दाबलेल्या घरावर एकच सोंगटी पुरते, म्हणजे एक दाब आणि पाच जोड्या अशा अकरांत काम होतं, दोन दाबा असतील तर दहांत. वाचलेल्या सोंगट्या हाच वेळ. कारण नाकाबंदी करणाऱ्यालाही प्रत्येक दानाला चाल करावी लागते. हलवायला मोकळ्या सोंगट्या नसल्या तर भिंत त्यालाच मोडावी लागते. प्लाकोतोत हरलेल्या डावांचं पोस्टमॉर्टेम केलं तर चुकीची दाब कमी सापडते. वेळेआधी संपलेल्या मोकळ्या चाली जास्त.

आता आई. सुरुवातीच्या घरात शेवटची उरलेली सोंगटी ही ‘माना’, म्हणजे आई. ती तिथेच असताना समोरच्याने दाबली तर डाव तिथेच संपतो आणि त्याला दोन गुण मिळतात. कारण उघड आहे: ती शेवटपर्यंत सुटणार नाही. अपवाद एकच. दाबणाऱ्याच्या स्वतःच्या सुरुवातीच्या घरातही अजून सोंगटी असेल तर डाव पुढे चालतो, कारण त्याचीही आई दबू शकते; दोघांच्या आया दबल्या तर डाव बरोबरीत. हा अपवाद आधी न सांगितल्यामुळे मैत्री बिघडायची वेळ येते. एक जण टाळ्या पिटत असतो, दुसरा म्हणतो की तुझीही तिथेच बसली आहे.

म्हणून कोपऱ्यात दोनच सोंगट्या उरल्या की थांबून विचार करायचा. समजा त्याची सोंगटी तुमच्या १८ व्या घरात आहे, तुमच्या कोपऱ्यापासून सहा घरांवर. तुम्हाला पाच-दोन पडले आणि तुम्ही दोन्ही आकडे एकाच सोंगटीने चाललात, तर मागे राहिलेली आई छत्तीसपैकी १७ दानांत जाते. जवळपास निम्म्या वेळा, आणि दोन गुणांनी. दोन्ही सोंगट्या एकाच दानात बाहेर काढा, पाचाने एक आणि दोनाने दुसरी. त्यांतली एखादी वाटेत दबली तरी ते दुःख परवडतं. आणि कोपरा लवकर मोकळा करा. शेवटच्या दोन सोंगट्या त्याची फौज कोपऱ्याजवळ येऊन बसेपर्यंत तिथेच ठेवणं ही या खेळातली सर्वात महाग चूक आहे.

पटाकडे वळू. प्लाकोतोत दोन गोष्टी अशा होतात ज्या बॅकगॅमनमध्ये होत नाहीत: पंधरा सोंगट्या एकाच घरात रचाव्या लागतात, आणि एकाची सोंगटी दुसऱ्याच्या सोंगटीवर बराच वेळ बसते. खरेदीची सगळी परीक्षा यातून निघते.

सोंगट्या दोन्ही बाजूंनी सपाट हव्यात. वरून किंचित फुगीर असलेल्या सोंगट्या दिसायला गोड, पण एकीवर एक ठेवल्या की पट हलताच घसरतात. दुकानात पाच एकावर एक रचून पटाला टिचकी मारून बघा, ढीग हलता कामा नये. मधे बोटासाठी उथळ खळगा असेल तर हरकत नाही, कड सपाट असली की झालं. दुसरं, रंग कडेलाही हवा. स्वस्त लाकडी संचांत फक्त वरचा भाग रंगवलेला असतो आणि कडा दोन्ही रंगांच्या सोंगट्यांना सारख्याच लाकडी. अशा संचात वरची सोंगटी ठेवली की खाली काय आहे ते दिसतच नाही. दहा दानांनंतर ‘इथे माझी दबलेली होती की नव्हती’ यावर वाद ठरलेला. जाडी सात-आठ मिलिमीटर तरी असावी, म्हणजे खालचा रंग लांबूनही ओळखू येतो.

घराची लांबी इतकी हवी की पाच सोंगट्या ओळीत बसतील. मग सुरुवातीचा ढीग पाच-पाचच्या तीन थरांत नीट उभा राहतो. उघडल्यावर ४८ ते ५० सेंटीमीटरचा पट टेबलावर पुरतो. बुद्धिबळ, लुडो आणि बॅकगॅमन एकत्र असलेले घडीचे संच इथे नापास होतात: त्रिकोण आखूड, चार सोंगट्या जेमतेम मावतात, आणि चौथा थर चढला की ढीग कोसळतो. प्रवासातले चुंबकी संच तर नकोच. चुंबकाची पकड पहिल्या थरापुरती असते; दबलेल्या सोंगटीवरची सोंगटी उचलायला गेलं की बहुतेक वेळा दोन्ही एकदम चिकटून वर येतात.

घडीच्या पटाचा मधला सांधा बोट फिरवून तपासा. दोन अर्ध्या भागांत उंचीचा फरक असेल तर फासे तिथे तिरके अडतात. मधली पट्टी रुंद आहे की अरुंद याची चिंता नको. प्लाकोतोत कुणी मरत नसल्यामुळे तिथे काही ठेवावंच लागत नाही. ग्रीक पद्धतीत फासे पेल्यातून टाकत नाहीत, हातातूनच टाकतात, त्यामुळे गोलसर कोपऱ्यांचे छोटे फासे बरे पडतात. नक्षीदार जडावकाम आणि छापील चकाकी यांत खेळाच्या दृष्टीने फरक शून्य. आत रेक्झिन किंवा मखमल असलेले पट टाळा, असं आमचं मत. सोंगटी लाकडावर सरकते तशी कापडावर सरकत नाही, आणि प्लाकोतोत ढीग सारखे हलवावे लागतात.

संगणकाशी खेळायचं असेल तर एक सावधानता. जीएनयू बॅकगॅमन हा मोफत आणि उत्तम प्रोग्रॅम नेहमीचं बॅकगॅमन, त्याचाच वेगळ्या मांडणीचा प्रकार नॅकगॅमन आणि एक ते तीन सोंगट्यांचं हायपरगॅमन खेळतो. प्लाकोतो खेळत नाही. प्लाकोतोवर गंभीर काम झालं ते थेसालोनिकीच्या मॅसेडोनिया विद्यापीठात: तिथल्या पालामेडीस या प्रोग्रॅमने स्वतःशीच असंख्य डाव खेळून तावलीचे तिन्ही खेळ शिकले. फोनवरचं ॲप निवडताना आईचा नियम त्यात आहे का, आणि दबलेली सोंगटी वरच्या सोंगटीखालून स्पष्ट दिसते का, एवढं पाहिलं तरी पुरे.

खेळ कुणासाठी नाही, तेही सांगायला हवं. पंधरा मिनिटांत निकाल हवा असणाऱ्यांना ३६० घरांचा प्रवास कंटाळवाणा वाटेल. त्यांनी तीन-तीन सोंगट्यांचं हायपरगॅमन खेळावं. फटकन मारामारी आवडणाऱ्यांनाही पोर्तेसच बरा. आणि लहान मुलांना शिकवताना पहिले काही डाव आईचा नियम बाजूला ठेवून खेळावेत. दाबणं-सोडणं मुलांना लगेच उमगतं, पण मधेच संपणारा डाव त्यांना अन्याय वाटतो.

नव्या जोडीदारासोबत बसताना तीन गोष्टी फासे हातात घेण्याआधी ठरवून घ्याव्यात: आईचा नियम अपवादासकट, सामना पाचचा की सातचा, आणि पहिल्यांदा मोठा आकडा टाकणारा तेच दान चालणार की फासे पुन्हा टाकणार. ग्रीक बैठकीत बहुधा पुन्हा टाकतात.